१२८ कोअरचं मशीन ३२ थ्रेडवरच का दमतं?

प्रश्न थोडक्यात असा. महाप्यातल्या एका छोट्या कंपनीत बँकांसाठी जोखमीचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर तयार होतं. उद्या भाव कसेही हलले तर पोर्टफोलिओ किती बुडेल, हे लाखो काल्पनिक परिस्थिती चालवून काढायचं. प्रोग्रॅम सी प्लस प्लसमध्ये आहे आणि समांतर भाग ओपनएमपीचा, म्हणजे काम अनेक थ्रेडमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांत) वाटून देणाऱ्या सोयीचा. जुन्या १६ कोअरच्या मशीनवर तो झकास चालायचा. आता नवीन सर्व्हर आलाय, एएमडी एपिक ७७६३ चे दोन प्रोसेसर, प्रत्येकी ६४ कोअर. २४ थ्रेडपर्यंत वेग वाढतो, ३२ ला थबकतो आणि १२८ थ्रेडवर ३२ पेक्षाही कमी होतो. एचटॉपमध्ये (कोअर किती कामात आहेत ते पट्ट्यांनी दाखवणारं साधन) सगळे कोअर शंभर टक्के दिसतात, पण पट्ट्या निम्म्या लाल. प्रत्येक थ्रेड दर खेपेला भावांच्या मार्गांसाठी ४० एमबीचा व्हेक्टर (आकड्यांची सलग यादी) तयार करतो आणि खेप संपली की सोडून देतो. विचारणारा इंजिनिअर लिहितो, "सर, लिनक्स इतक्या कोअरसाठी बनलेलंच नाही का? मेनी-कोअरसाठी वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम लागते असं वाचलं. साहेब रोज विचारतात, पैसे घातले ते गेले कुठे. आणि याच क्षेत्रात पुढे जायचं तर काय शिकू?"

आधी सरळ उत्तर. लिनक्स बदलू नका. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जुना असेल तर तेवढा नवा घ्या. तुमचे कोअर रिकामे नाहीत आणि कमीही नाहीत, ते एकमेकांच्या आड येतायत. ही आडकाठी थोडी तुमच्या कोडमध्ये आहे, थोडी सी लायब्ररीत, थोडी कर्नलमध्ये. कोअरची संख्या दहा-वीसच्या पुढे गेली की सिस्टिम सॉफ्टवेअरचं खरं काम बदलतं. काम वाटून देणं सोपं असतं. वाटलेलं काम करताना कोणालाही दुसऱ्याला विचारावं लागू नये, ही व्यवस्था अवघड असते.

तुमच्या आकड्यांतच याची खूण आहे. समांतर प्रोग्रॅम म्हटलं की लोक लगेच अ‍ॅमडालचा १९६७ चा नियम काढतात. कामाचा एक टक्का भाग एकामागून एक करावा लागत असेल, तर १२८ कोअरवर वेग फार तर ५६ पट वाढतो. हे बरोबर आहे, पण या नियमात वेगाची रेघ सपाट होत जाते, खाली वळत नाही. तुमची वळलीये. थ्रेड वाढवल्यावर एकूण काम कमी होतं, याचा अर्थ प्रत्येक नवा थ्रेड आधीच्यांवर काहीतरी खर्च लादतोय. नील गुंथर यांनी स्केलेबिलिटीचा जो नियम मांडला, त्यात या खर्चासाठी वेगळं पद आहे आणि ते थ्रेडच्या संख्येच्या जवळपास वर्गाच्या प्रमाणात वाढतं. तेव्हा सपाट रेघ दिसली तर अल्गोरिदमकडे बघायचं. खाली वळलेली दिसली तर सामायिक वस्तू शोधायची: एखादं लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप), एखादा काउंटर, एखादी कॅश लाइन (कोअरजवळच्या झटपट मेमरीतला, म्हणजे कॅशमधला, छोटा तुकडा), मेमरीचा एखादा नकाशा.

दुसरी खूण म्हणजे लाल पट्टी. एचटॉपमध्ये हिरवा वेळ तुमच्या प्रोग्रॅमचा, लाल वेळ कर्नलचा. हा गणिती प्रोग्रॅम आहे, फाइल नाही, नेटवर्क नाही. त्याने कर्नलचं दार का ठोठवावं? निम्मा वेळ लाल असेल तर कोणीतरी सतत मेमरी मागतंय किंवा लॉकवर झोपतंय-उठतंय. तुम्ही लिहिलेल्यात मला दोन संशयित दिसतात. एक तुम्ही स्वतः सांगितलाय, दुसरा सांगितला नाहीये पण असणार अशी दाट शंका आहे.

न सांगितलेला आधी घेतो. कोडमध्ये 'रँड' शोधा. काल्पनिक परिस्थिती बनवायच्या तर यादृच्छिक संख्या लागणार, आणि जुन्या कोडमध्ये हमखास सी लायब्ररीचं रँड फंक्शन सापडतं. ग्लिबसीमध्ये, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, या फंक्शनच्या आत एक लॉक आहे, कारण त्याची अंतर्गत स्थिती सगळ्या थ्रेडना मिळून एकच असते. १६ कोअरवर हे खपून जातं. १२८ थ्रेड मिनिटाला कोट्यवधी वेळा तेच लॉक मागायला लागले की निम्मे थ्रेड फ्युटेक्सच्या (लॉकची वाट बघणाऱ्यांना झोपवणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या) रांगेत झोपतात आणि त्यांना उठवण्यात कर्नलचा वेळ जातो. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा जनरेटर द्या. मात्र सगळ्यांना एकच सीड (सुरुवातीचा आकडा) देऊ नका, नाहीतर १२८ थ्रेड एकच परिस्थिती १२८ वेळा चालवतील आणि जोखमीचा आकडा दिसायला नीट पण चुकीचा येईल. सीड म्हणून थ्रेड क्रमांक देणं हाही मला न आवडणारा तोडगा आहे. फिलॉक्ससारखे काउंटरवर चालणारे जनरेटर याच कामासाठी बनलेत. परिस्थितीचा क्रमांक दिला की त्याची संख्या मिळते, कोणत्या थ्रेडने मागितली याने फरक पडत नाही. थ्रेड कितीही करा, परिस्थिती त्याच राहतात, आणि ऑडिटला आलेल्या माणसाला समजावणंही सोपं जातं.

आता तुमचा ४० एमबीचा व्हेक्टर. याच्यावर जरा सावकाश बोलू, कारण मेनी-कोअर मशीनवर सिस्टिम सॉफ्टवेअर कसं अडखळतं ते या एका ओळीत सगळं दिसतं.

ग्लिबसीचा मॅलॉक, म्हणजे प्रोग्रॅमला मेमरी देणारा भाग, छोट्या मागण्या स्वतःकडच्या साठ्यातून भागवतो. १२८ केबीच्या वरची मागणी सुरुवातीला तो थेट कर्नलकडे नेतो. ही मर्यादा तो चालता चालता वाढवतो, पण ६४ बिटच्या मशीनवर ३२ एमबीच्या पुढे नेत नाही. तुमचे ४० एमबी कायम त्या रेषेच्या पलीकडे. म्हणजे प्रत्येक खेपेला एमएमॅप (कर्नलकडे मेमरी मागणं), खेप संपली की मनमॅप (ती परत करणं). एमएमॅपने फक्त पत्ता मिळतो, खरी मेमरी नाही. व्हेक्टर तयार होताना शून्य भरत जातो तेव्हा दर ४ केबीच्या पानाला एक पेज फॉल्ट होतो, म्हणजे कर्नलला मध्ये येऊन खरी मेमरी जोडावी लागते. ४० एमबीचे झाले १०,२४० फॉल्ट, एका थ्रेडचे, एका खेपेचे. प्रत्येक फॉल्टमध्ये कर्नल ते पान सुरक्षेसाठी आधी शून्याने पुसतो, आणि पाठोपाठ तुमचा व्हेक्टर त्याच पानावर परत शून्य लिहितो. एकच फरशी दोनदा पुसली जाते.

इथवरचा खर्च प्रत्येक थ्रेडचा आपापला आहे. गोची पुढे आहे. एका प्रोसेसचे सगळे थ्रेड मिळून पत्त्यांचा एकच नकाशा वापरतात आणि त्या नकाशावर एक लॉक असतं, एमएमॅप लॉक. नकाशात भर घालताना किंवा काढताना ते एकट्याने धरावं लागतं. फॉल्ट होताना ते वाचण्यापुरतं धरतात, म्हणजे अनेकांना एकदम मिळू शकतं. पण 'वाचणारे किती' हे मोजणारा आकडा एकाच कॅश लाइनवर बसलेला असतो, आणि ती लाइन १२८ कोअरमध्ये चेंडूसारखी फिरते. कर्नल ६.४ पासून, म्हणजे २०२३ पासून, नकाशाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळं लॉक आलंय आणि बहुतेक फॉल्ट मोठ्या लॉकला हात न लावता सुटतात. रेड हॅट लिनक्स ९ च्या कुटुंबातला कर्नल ५.१४ वर आधारलेला आहे आणि ८ च्या कुटुंबातला ४.१८ वर, म्हणून कर्नलची आवृत्ती बघा असं वर म्हटलं. अर्थात डिस्ट्रो (लिनक्सचं तयार पॅकेज) देणाऱ्या कंपन्या नवे बदल जुन्या कर्नलमध्ये आणून बसवतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून निकाल लावू नका, मोजा.

मनमॅपची कथा याहून वाईट. पान काढून घेतलं तरी त्याचं जुनं भाषांतर इतर कोअरच्या टीएलबीमध्ये (पत्त्यांची भाषांतरं लक्षात ठेवणाऱ्या छोट्या कॅशमध्ये) शिल्लक असू शकतं. म्हणून मनमॅप करणारा कोअर त्या प्रोसेसचे थ्रेड जिथे जिथे चालू आहेत त्या सगळ्या कोअरना इंटरप्ट पाठवतो, "टाका ते काढून", आणि सगळ्यांचं "टाकलं" येईपर्यंत थांबतो. १२८ थ्रेड, प्रत्येकाचं मनमॅप, प्रत्येक मनमॅपला १२७ जणांना हाका. वर्गाच्या प्रमाणात वाढणारा खर्च म्हणतात तो हाच. हे डोळ्यांनी बघता येतं. प्रॉक फोल्डरमध्ये इंटरप्ट्स नावाची फाइल आहे, तिच्या तळाशी 'टीएलबी शूटडाउन्स' अशी ओळ असते. प्रोग्रॅम चालू असताना ती सेकंदा-सेकंदाला बघा. तुमचं मशीन असं वागतंय म्हणजे ते आकडे पळत असणार. आर्म प्रोसेसरमध्ये ही दवंडी हार्डवेअरच पिटतं. एएमडीच्या नव्या सर्व्हर प्रोसेसरमध्येही तशी सूचना आहे, लिनक्स ती ६.१५ पासून वापरतो.

उपाय मात्र हास्यास्पद वाटावा इतका सोपा आहे. व्हेक्टर खेपेच्या आत बनवू नका. समांतर भागात शिरल्यावर प्रत्येक थ्रेडने एकदा बनवावा आणि शेवटपर्यंत तोच वापरावा. दोन ओळी वर सरकतील, बाकी कोड तसाच. मॅलॉकच्या जागी जेमॅलॉक किंवा टीसीमॅलॉक जोडूनही फरक पडेल, आणि कोडला हात लावायची परवानगी नसेल तर तेच करा, पण कोड तुमचाच आहे. वर २ एमबीची मोठी पानं मागितलीत तर १०,२४० फॉल्टच्या जागी २० राहतात.

हे खरंच कारण आहे का, हे कोड न बदलता तपासायची एक युक्ती सांगतो. एकच प्रोसेस १२८ थ्रेडने चालवण्याऐवजी १६ थ्रेडच्या आठ प्रोसेस चालवा, प्रत्येकीला परिस्थितींचा आठवा हिस्सा द्या. प्रत्येक प्रोसेसचा पत्त्यांचा नकाशा वेगळा, त्यामुळे एमएमॅप लॉक आठ झाली आणि मनमॅपची हाक १२७ ऐवजी १५ जणांना. रँडचं लॉकही आठ ठिकाणी वाटलं गेलं. एकूण वेळ धाडकन उतरला तर भांडण सामायिक नकाशावर किंवा लॉकवर होतं हे सिद्ध. खरं तर तुमच्या परिस्थिती एकमेकींवर अवलंबून नाहीत, तेव्हा ही रचना कायमची ठेवली तरी बिघडत नाही. थ्रेड म्हणजे आधुनिक आणि प्रोसेस म्हणजे जुनाट अशी एक समजूत आहे, ती मला कधीच पटली नाही.

लाल रंग गेला की हिरव्यातला घोळ दिसायला लागेल. तिथे पहिला प्रश्न, कुठली मेमरी कोणाजवळ आहे. तुमच्या मशीनमध्ये दोन प्रोसेसर, प्रत्येकाची स्वतःची रॅम. ऐरोलीत राहून रबाळ्याला नोकरी करणं आणि ऐरोलीत राहून मुलुंडला जाणं यात नकाशावर फार फरक दिसत नाही, पण मध्ये खाडीपूल आहे आणि सकाळी नऊला सगळे त्याच पुलावर असतात. पलीकडच्या प्रोसेसरच्या रॅममधून वाचणं तसं आहे. एकट्याने गेलात तर थोडा उशीर, ६४ कोअर एकदम निघाले तर कोंडी. न्यूमासीटीएल या कमांडला हार्डवेअर दाखवायला सांगितलं की तो अंतरांचा तक्ता देतो. स्वतःच्या रॅमचं अंतर १०, आणि अशा मशीनवर पलीकडचं साधारण ३२ दिसतं. हे आकडे मायक्रोसेकंद वगैरे नव्हेत, फर्मवेअरने सांगितलेला नुसता अंदाज असतो, पण जवळ-लांब कळायला पुरतो.

लिनक्सचा नियम असा की पानाला जो थ्रेड पहिला हात लावतो, त्याच्या जवळच्या रॅममधून ते दिलं जातं. नियम चांगला आहे, पण आपण लिहितो कसं? बाजारभावांचा इतिहास मुख्य थ्रेड फाइलमधून वाचतो, मोठ्या व्हेक्टरमध्ये भरतो, आणि मग समांतर लूप सुरू होतो. पहिला हात एकट्या मुख्य थ्रेडचा. सगळा इतिहास पहिल्या प्रोसेसरच्या रॅममध्ये, आणि दुसऱ्या प्रोसेसरचे ६४ कोअर जन्मभर पुलावर. चाचणी एका ओळीची: न्यूमासीटीएलचा इंटरलीव्ह पर्याय लावून प्रोग्रॅम चालवा, म्हणजे पानं दोन्हीकडे आळीपाळीने वाटली जातील. काहीही न बदलता वेग वाढला तर दुखणं हेच. पक्का उपाय म्हणजे जो थ्रेड जो भाग वापरणार त्यानेच तो पहिल्यांदा भरावा, आणि भरतानाचा लूप व नंतरचा लूप यांचं स्टॅटिक वाटप सारखं ठेवावं. सी प्लस प्लसचा व्हेक्टर जन्मतःच मुख्य थ्रेडकडून शून्य भरून घेतो, तेव्हा इथे व्हेक्टरऐवजी रिकामी मेमरी घेऊन ती समांतर भरायची. तुमचा इतिहास लहान आणि फक्त वाचायचा असेल, तर त्याच्या दोन प्रती करा, प्रत्येक प्रोसेसरला एक. काही एमबी रॅम वाया जाईल. जाऊ दे.

कर्नलमध्ये पानं आपोआप हलवणारी सोय आहे. मी गणिती कामाच्या मशीनवर ती बहुधा बंद ठेवतो. पानं कोण वापरतंय हे कळण्यासाठी ती मुद्दाम फॉल्ट घडवते, आणि आपण नुकतीच त्यांच्यापासून सुटका करून घेतलेली असते.

हे सगळं थ्रेड जागेवर राहतील तरच कामाचं. ओपनएमपीला प्रॉक-बाइंड आणि प्लेसेस या दोन पर्यावरणीय व्हेरिएबलमधून कोअर बांधून द्या. तुमच्या मशीनला लिनक्स २५६ सीपीयू दाखवत असेल, कारण प्रत्येक कोअरला दोन हार्डवेअर थ्रेड आहेत. १२८ थ्रेड म्हणजे आपोआप १२८ वेगळे कोअर असं धरून चालू नका, एलएससीपीयू या कमांडच्या तक्त्यात कोणता क्रमांक कुठल्या कोअरचा ते बघून घ्या. तिथेच एल-थ्री कॅशचा रकानाही दिसेल. ७७६३ मध्ये आठ-आठ कोअरच्या आठ चकत्या आहेत, प्रत्येक चकतीला ३२ एमबी एल-थ्री. म्हणजे 'एक प्रोसेसर' म्हणून जो विकत घेतलात तो आतून आठ वस्त्यांचा आहे. दोन कोअर एकाच चकतीवर असतील तर त्यांच्यातली देवाणघेवाण कितीतरी स्वस्त.

देवाणघेवाणीवरून कॅश लाइन. तुमच्या कोडमध्ये प्रत्येक थ्रेडची बेरीज ठेवायला 'डबल' संख्यांचा एक ॲरे असेलच, थ्रेड क्रमांकाने भरायचा. प्रत्येक थ्रेड आपल्याच खणात लिहितो, लॉक नाही, सगळं शुद्ध दिसतं. पण कॅश लाइन ६४ बाइटची, डबल ८ बाइटचा. आठ थ्रेडचे खण एकाच लाइनवर येतात. हार्डवेअर खण ओळखत नाही, लाइन ओळखतं, त्यामुळे एकाने लिहिलं की बाकी सातांची प्रत रद्द. ओपनएमपीचं रिडक्शन (बेरजा एकत्र करायची तयार सोय) वापरा, ते हा घोळ होऊ देत नाही. स्वतःच करायचं असेल तर बेरीज थ्रेडच्या स्थानिक व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि शेवटी एकदाच ॲरेत टाका. अशा लपलेल्या जागा शोधायला पर्फ या लिनक्सच्या मोजमापाच्या साधनात सी-टू-सी नावाचा प्रकार आहे. कुठल्या लाइनवर भांडण आहे आणि कोडच्या कुठल्या ओळींमुळे, हे तो दाखवतो. शेअर्ड पॉइंटरही (आपल्याला किती जण वापरतायत ते मोजणारा पॉइंटर) तपासा. लूपच्या आत तो कॉपी होत असेल तर दर कॉपीला सगळे थ्रेड मिळून एकच काउंटर वाढवत असतात. संदर्भाने पाठवा.

एक गोष्ट सॉफ्टवेअरची नाही, पण सांगतो, कारण खरेदीत ती फार वेळा निसटते. ७७६३ ला प्रत्येकी आठ मेमरी चॅनल आहेत, डीडीआर४ ३२०० वर एकूण सैद्धांतिक क्षमता २०४.८ जीबी दर सेकंद. ६४ कोअरमध्ये वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला ३.२ जीबी. ही आठही चॅनल भरलेली असतील तर. कोटेशन खाली आणायला विक्रेता चार मोठ्या स्टिक लावून देतो, जीबी तेवढेच दिसतात, क्षमता निम्मी होते. सर्व्हरचं झाकण उघडायची गरज नाही, डीएमआयडीकोड ही कमांड सांगते कुठल्या खाचेत काय आहे. चारच भरलेल्या निघाल्या तर साहेबांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच.

प्रोग्रॅम डॉकरच्या कंटेनरमध्ये चालवत असाल तर सीपीयू मर्यादाही बघा. समजा कंटेनरला ६४ सीपीयूची मर्यादा आहे. कर्नल ती १०० मिलिसेकंदांच्या हप्त्यात मोजतो, म्हणजे हप्त्याला ६,४०० मिलिसेकंद. १२८ थ्रेड ते ५० मिलिसेकंदांत संपवतात आणि उरलेले ५० सगळे गोठतात, लॉक धरून बसलेलाही. तुमचे कोअर शंभर टक्के दिसतायत त्यावरून हे तुमचं दुखणं नसावं. सीग्रुपच्या (अशा मर्यादा पाळणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या) सीपीयू-स्टॅट फाइलमध्ये 'थ्रॉटल्ड'चा आकडा शून्य आहे एवढी खात्री करा.

आता वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमचं. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, जुनं आहे. लिनक्स १९९६ मध्ये २.० आवृत्तीत एकाहून जास्त प्रोसेसर वापरायला लागला तेव्हा अख्ख्या कर्नलला एकच मोठं लॉक होतं. ते तोडत तोडत शेवटचा अवशेष २०११ मध्ये २.६.३९ ला गेला. दरम्यान २००९ मध्ये झुरिकच्या ईटीएच आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चने बॅरलफिश मांडली. तिच्यात प्रत्येक कोअरवर स्वतंत्र कर्नल, सामायिक काही नाही, एकमेकांत फक्त निरोप. कल्पना देखणी होती. पुढच्याच वर्षी एमआयटीच्या गटाने ४८ कोअरच्या मशीनवर साधा लिनक्स तपासला आणि दाखवलं की सुमारे ३,००० ओळींच्या दुरुस्त्या केल्या की बहुतेक अडथळे निघतात, पाया उखडायची गरज नाही. गेल्या पंधरा वर्षांत व्यवहारात हाच मार्ग जिंकला. आरसीयू या पद्धतीमुळे सामायिक डेटा नुसता वाचणाऱ्यांना लॉकच लागत नाही. मेलर-क्रमी आणि स्कॉट यांनी १९९१ मध्ये जे रांगेचं लॉक सुचवलं, ज्यात वाट बघणारा प्रत्येक कोअर स्वतःच्याच कॅश लाइनकडे बघत थांबतो, त्याचं आटोपशीर रूप २०१५ पासून लिनक्सच्या स्पिनलॉकमध्ये (न झोपता जागेवरच वाट बघायला लावणाऱ्या लॉकमध्ये) आहे. बॅरलफिश हरली असं मात्र मी म्हणणार नाही. वर तुम्हाला दिलेला आठ प्रोसेसचा सल्ला तिच्याच विचाराचा आहे, फक्त एक मजला वर.

वेगळा कर्नल खरंच लागतो तो हजारो मशीन एका तालात चालवताना. लॉस अलामोसला २००३ च्या सुमारास एएससीआय क्यू या महासंगणकावर एक विचित्र प्रकार आढळला. चार प्रोसेसरच्या प्रत्येक नोडमधले (एकेका मशीनमधले) तीनच वापरले तर प्रोग्रॅम जास्त वेगाने चालायचा. ऑपरेटिंग सिस्टिमची बारीकसारीक घरकामं एखाद्या प्रोसेसरला क्षणभर अडवायची, आणि दर पायरीला सगळ्यांनी सगळ्यांची वाट बघायची असल्यामुळे तो एक क्षण आठ हजार प्रोसेसरना भोवायचा. चौथा रिकामा ठेवला की घरकाम तिथे जायचं. जपानच्या फुगाकू महासंगणकातही हाच विचार दिसतो. त्याच्या ए६४एफएक्स चिपवर गणितासाठी ४८ कोअर आहेत आणि घरकामासाठी दोन किंवा चार वेगळे. वर रिकेन या तिथल्या संशोधन संस्थेचा मॅककर्नल नावाचा हलका कर्नल लिनक्सच्या शेजारी चालवता येतो. तुमच्या परिस्थिती एकमेकांची वाट बघत नाहीत, तुम्हाला यातलं काही नको. फार तर दोन कोअर नेटवर्क आणि देखरेखीच्या कामांना सोडून द्या आणि १२६ वर चालवा.

राहिलं शिक्षण. आपल्याकडे हे काम नवं नाही. पुण्यात सी-डॅकचा परम ८००० आणि खाडीपलीकडे ट्रॉम्बेत बीएआरसीचा अनुपम, दोन्ही १९९१ चे. तेव्हाच्या लोकांना निरोप पाठवण्याचं सॉफ्टवेअर स्वतः लिहावं लागलं. आज अडचण उलटी आहे, सगळं तयार मिळतं आणि आत काय चाललंय ते कोणी बघत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत एवढी डेटा सेंटर उभी राहिलीत, आतल्या एकेका मशीनमध्ये शेकडो कोअर, पण पर्फचा आउटपुट वाचता येणारा माणूस शोधायला गेलं की मुलाखतींमागून मुलाखती जातात. तुम्हाला संधी तिथे आहे. भाषा आणखी शिकू नका. सी, थोडं असेम्ब्ली, मेमरी मॉडेल आणि ॲटॉमिक्स पक्के करा. ओपनएमपीचा रनटाइम उघडून बॅरियर (सगळे थ्रेड पोचेपर्यंत थांबायची जागा) कसा लिहिलाय ते वाचा. सिल्क या भाषेने रूढ केलेली कामचोरीची पद्धत, म्हणजे रिकाम्या थ्रेडने दुसऱ्याच्या रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून काम उचलायचं, स्वतः लिहून बघा. साधं स्पिनलॉक, तिकीट लॉक आणि रांगेचं लॉक लिहा, १ पासून १२८ थ्रेडपर्यंत तिन्हींचा आलेख काढा. असं मशीन स्वतःचं घ्यायचं तर लाखो रुपये लागतात, आणि तुमच्या ऑफिसातलं रात्री रिकामं असतं. साहेबांची परवानगी घ्या. कर्नलमध्ये २०२४ च्या ६.१२ पासून शेड्युलर (कोणता थ्रेड कधी चालेल ते ठरवणारा भाग) बाहेरून लिहून बसवायची सोय आलीये, ती त्यानंतर. जीपीयूचं शिकू का असं पुढे विचाराल. शिका, पण हे आधी. तिथेही शेवटी डेटा कुठे पडलाय आणि तो कोण हलवतंय, हाच प्रश्न येतो.

सोमवारी गेलात की कोड उघडण्याआधी आठ प्रोसेसची चाचणी, मग इंटरलीव्हची, मग पर्फ टॉप. त्यात वर 'क्लिअर पेज' दिसलं तर व्हेक्टर, नावात 'आरडब्ल्यूसेम' दिसलं तर एमएमॅप लॉक, 'एसएमपी कॉल फंक्शन' दिसलं तर टीएलबीच्या हाका, आणि 'फ्युटेक्स' दिसलं तर रँड किंवा तुमचं स्वतःचं लॉक. यातलं काहीच वर नसेल तर माझा अंदाज चुकलाय, तेव्हा पहिल्या वीस ओळी मला पाठवा. सोबत कर्नलची आवृत्ती, एलएससीपीयूचा आउटपुट आणि रॅमच्या किती स्टिक कुठल्या खाचेत आहेत ते लिहा.